घरोघरी मातीच्या चुली, पण धूर कुणाच्या वाट्याला?

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण बायका किती सहज वापरतो! कुणाकडे जावाजावांचं बिनसलं, कुणाची सून रुसून माहेरी गेली, की आपलं ठरलेलं वाक्य, “चालायचंच हो, घरोघरी मातीच्या चुली!” म्हणजे काय, तर सगळीकडे सारखंच. पण ज्या घरात अजून खरोखरीची मातीची चूल पेटते, तिथे एक गोष्ट मुळीच सारखी नसते. चुलीवरची भाकरी सगळ्यांच्या वाट्याला येते, ऊन पाणी सगळ्यांच्या वाट्याला येतं. धूर तेवढा चुलीपुढे बसणारीच्या वाट्याला येतो, आणि फार तर तिच्या मांडीवरच्या मुलाच्या.

माझं सासर साताऱ्याकडे, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही नोकरीनिमित्त पुण्यात. गावी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धाकटे दीर आणि धाकटी जाऊ. २०२२ च्या हिवाळ्यात आत्याबाईंचा दम फारच वाढला, म्हणून आम्ही त्यांना पुण्याला आणलं. दहा पावलं चालल्या की भिंतीला हात टेकायच्या. बोलताना वाक्य मध्येच तुटायचं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका नळीत जोरानं फुंकायला लावलं, कागदावरचा आलेख पाहिला आणि विचारलं, “आजी, बिडी ओढता का?”

एवढ्या दमलेल्या आत्याबाई, पण ताठ होऊन बसल्या. “आमच्यात बायामाणसं बिडी वडत न्हाईत!”

“मग चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केलात?”

“पंधराव्या वर्षी लगीन झालं. तवापास्नं.”

बाईंनी मान हलवली. श्वासनलिका हळूहळू कायमच्या अरुंद करणारा हा विकार. सीओपीडी म्हणतात त्याला. “जेवढी ताकद गेली ती परत यायची नाही, आजी. राहिली आहे ती सांभाळायची. औषध ओढायचं यंत्र मी देते. पण एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हातात फुंकणी, असं चालायचं नाही.”

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. मला वाटलं होतं, हे काही तरी नवीन संशोधन असेल. कसलं नवीन! डॉ. एस. पद्मावती हे नाव तुम्ही ऐकलं असेल. भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ म्हणून ज्यांना ओळखतात, त्या. २०२० साली वयाच्या १०३ व्या वर्षी त्या गेल्या. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यानं हृदयावर ताण येऊन दिल्लीच्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या माणसांचा त्यांनी अभ्यास केला होता. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात म्हटलं होतं, की धूम्रपान पुरुषांचं जास्त, तरी हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो आणि त्यामागे घरातला धूर असावा. पुढे १९८३ साली कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानं भारतीय सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी गुजरातेतल्या खेड्यांतल्या बायकांच्या अंगावर लहानसा पंप बांधून, त्या चुलीपुढे बसलेल्या असताना कसली हवा श्वासात घेतात हे मोजलं होतं. शहरातली हवा मोजायची यंत्रं तेव्हा होती. स्वयंपाकघरातली हवा मोजावी असं मात्र फारसं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांचा २००९ सालचा एक लेखही वाचायला मिळाला. सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के माणसांनी जन्मात कधी धूम्रपान केलेलं नसतं, असा अंदाज त्यांनी त्यात दिला आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२० साली घरातल्या धुरापायी जगात ३२ लाख माणसं गेली. त्यांत पाच वर्षांच्या आतली मुलं दोन लाखांच्या वर. न्यूमोनियानं, बहुतेक. मोतीबिंदूचा आणि कमी वजनाच्या बाळांचाही या धुराशी संबंध जोडला जातो. आत्याबाईंना मी यातलं थोडंसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझं झालं गं. त्या पोरीचं बघा.”

ती पोरगी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिला तेव्हा सहावा महिना होता.

आता तुम्ही म्हणाल, गावी गॅस नव्हता का? होता की. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आजवर देशात दहा कोटींच्या वर जोडण्या दिल्या गेल्या. आमच्याकडची जोडणी त्याही आधीची, दिरांच्या नावावरची. पण शेगडीवर भरतकामाचं कापड घातलेलं! पाहुणा आला की कापड दूर करून चहा व्हायचा, पाहुणा गेला की पुन्हा कापड. मी जाऊबाईला जरा चढ्या आवाजातच विचारलं, तर तिनं मला गप्पच केलं. “ताई, टाकी संपली की तालुक्याच्या वाटेवरनं गाडीवर घालून आणायला लागती. ह्यांना सवड असली तर चार दिसात येती, नसली तर पंधरा दिस. मग ते चार दिस चुलीवरच काढायचं नव्हं? म्हणून मी ती राखून वापरते.” तिच्या बोलण्यात काही खोट काढता येत होती का? मला तरी नाही.

मग आम्ही दोघींनी एक काम केलं. भांडणापेक्षा हिशेब बरा! दिरांचा शेतमाल तोलायचा ताणकाटा घेतला आणि आठ दिवस चुलीत जाणारं जळण तोलून वहीत लिहिलं. सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं, कशासाठी जाळलं तेही लिहिलं. आठवड्यानं सरासरी काढली, तर रोजचं जळण साडेबारा किलो. त्यातलं भाकरी-कालवणाला साडेचार किलो, गुरांच्या आंबोणाला दोन, आणि आंघोळीच्या पाण्याला तब्बल सहा किलो! जवळजवळ निम्मं सरपण आम्ही पाणी तापवायला जाळत होतो. आणि ही पाण्याची चूल स्वयंपाकघरातच, न्हाणीला लागून. पहाटे पाचला जाऊबाई ती पेटवायची, ती सगळ्यांच्या आंघोळी होईतो धुमसत राहायची.

मैत्रिणींनो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. ‘गॅस आला, धूर गेला’ असं आपण समजतो. स्वयंपाकाला गॅस येतोही. पण पाणी, गुरांचं खाणं, दूध आटवणं, सणावाराचा मोठा स्वयंपाक यांच्यासाठी चूल मागल्या दारी चालूच राहते. आपल्या घरात दिवसाकाठी किती विस्तव पेटतात, ते आधी मोजायला हवं.

वही दिरांपुढे ठेवली. आधी ते म्हणाले, “बायकांनी कशाचं काय काढलंय!” पण शेतकरी माणूस आकड्याला फसत नाही. महिन्याचे पावणेचार क्विंटल झाले म्हटल्यावर ते वही घेऊन ओसरीवर जाऊन बसले. संध्याकाळी स्वतःच माळ्यावर चढले आणि माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचा तांब्याचा बंब खाली काढला. त्याला कल्हई केली आणि परसात, पत्र्याच्या छपराखाली, तिन्ही बाजू मोकळ्या ठेवून तो बसवला.

बंब ही काय युक्तीची वस्तू आहे, हे मला तेव्हा नव्यानं कळलं. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी. खालून हवा ओढली जाते, वरून धूर निघतो. आच चहूबाजूंनी पाण्यालाच लागते. उघड्या चुलीवर पातेलं ठेवलं तर लाकडातल्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्यापर्यंत पोचते, बाकीची इकडेतिकडे जाते. बंबाला आमचं जळण निम्म्याहून कमी लागलं. शिवाय पत्र्यावर एक पिंप काळा रंग देऊन ठेवलं. उन्हाळ्यात त्यातलं पाणी दुपारपर्यंत इतकं तापतं की धुण्या-भांड्याला वेगळं तापवावं लागत नाही. पावसाळ्यात ते पिंप नुसतं शोभेचं, हेही सांगून टाकते.

दुसरं ठरलं ते गॅसचं. टाकी एकाऐवजी दोन घेतल्या. एक संपली की दुसरी लावायची आणि रिकामी टाकी आठ दिवसांच्या आत भरून आणायची. हे काम दिरांचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीखही तेच लिहितात. ही गोष्ट लहान वाटते, पण माझ्या मते सगळ्यात मोठी हीच. ज्या दिवसापासून टाकी संपण्याची धास्ती गेली, त्या दिवसापासून शेगडीवरचं कापडही गेलं. चहा, दूध, डाळ-भात, कालवण सगळं गॅसवर. तूरडाळ, मटकी, हरभरा आधी भिजवून मग कुकरला. त्यानं टाकी आणखी पुरते. भाकरी तेवढी चुलीवर राहिली, कारण आत्याबाईंना गॅसवरची गोड लागत नाही. त्या माउलीला एवढंही सुख ठेवायचं नाही का?

पण मग ती उरलेली एक चूल तरी नीट हवी. त्यासाठी धूर मुळात का होतो, हे समजून घ्यायला हवं. लाकूड पुरतं जळलं, तर त्याची वाफ, कर्बवायू आणि राख होते. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. म्हणजे धूर दिसला की समजावं, सरपण वाया चाललं आहे आणि ते आपल्या छातीत चाललं आहे. त्यातले अगदी बारीक कण, केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याएवढे, नाकात अडत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. कर्बएकवायूला तर रंग नाही, वास नाही.

ओलं लाकूड हे धुराचं पहिलं कारण. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी उडवण्यातच विस्तव थकतो. आमच्याकडे पाऊस धो धो, त्यामुळे जळण चैत्र-वैशाखातच फोडून, मनगटापेक्षा बारीक ढलप्या करून, छपराखाली रचायचं. रचताना मध्ये वारा खेळेल अशा फटी ठेवायच्या, खाली दगड किंवा ओंडके घालायचे. वाळलं की नाही ते ओळखायची सोपी खूण म्हणजे दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. खणखणीत आवाज आला आणि टोकाला भेगा दिसल्या, तर वाळलं. बद्द आवाज आला, तर परत रचा.

दुसरं कारण म्हणजे कोंडलेला विस्तव. चुलीचं तोंड लाकडानं गच्च भरलं, की हवा जाणार कुठून? दोन-तीनच लाकडं घालावीत, टोकं जळतील तशी आत सारावीत. खाली लोखंडी जाळी ठेवली आणि रोजची राख रोज काढली, की खालून हवा मिळते, फुंकणीचं काम निम्मं उरतं. आणि पेटवताना दुधाच्या पिशव्या, प्लॅस्टिक, टायरचे तुकडे, रंग दिलेल्या फळ्या कृपा करून घालू नका. चटकन पेट घेतात हे खरं, पण त्यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा वाईट. नारळाची सोडणं किंवा वाळल्या काटक्या काय वाईट आहेत?

आता धुराड्याविषयी. आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक तुटका सिमेंटचा ओटा होता. त्यावर वर्षानुवर्षं मिठाची बरणी ठेवलेली. ती एकेकाळची ‘सरकारी चूल’, हे मला आत्याबाईंकडून समजलं! भारतात बिनधुराच्या चुलीची खटपट जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली. १९८० च्या सुमाराला चंदीगडजवळच्या नाडा गावात मधू सरीन यांनी तिथल्या बायकांनाच बरोबर घेऊन ‘नाडा चूल’ केली. मग केंद्र सरकारनं १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ पर्यंत तो चालला आणि तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद झाली. इरावती कर्व्यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘आरती’ संस्थेनंही आपल्या भागात या कामाला हातभार लावला.

मग एवढ्या चुली गेल्या कुठे? आत्याबाईंनी एका वाक्यात सांगितलं. “पाइप तुंबला, साफ कसा करायचा कुणी दावलं न्हाई, मग धूर दुप्पट घरात. फोडली.” पुढे ओडिशात सुमारे २६०० घरांचा काही वर्षं पाठपुरावा करून केलेल्या अभ्यासातही थेट हेच निघालं. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. नंतर चुलींची डागडुजी झाली नाही, वापर घटला, आणि फायदा ओसरला. दोष बायकांच्या आळसाचा, असं कुणी म्हणू नये. रांधा, वाढा, उष्टी काढा यातून वर छपरावर चढून पाइप झाडायचा कधी आणि शिडी धरायची कुणी?

म्हणून आमच्याकडे नवा पाइप बसवताना पहिल्यापासून दोन गोष्टी ठरवल्या. पाइप कौलांच्या आढ्यापेक्षा हातभर उंच न्यायचा, वर पावसाची टोपी घालायची. आणि दर अमावास्येला तो झाडायचा. अमावास्येची युक्ती आत्याबाईंची. तारीख विसरते, पण अमावास्या कुणी विसरत नाही! दोरीला गोणपाटाचा बोळा बांधून वरून खाली सोडायचा. छपरावर दीर, खाली काजळी धरायला मी किंवा जाऊबाई. पहिल्या महिन्यात निघालेली काजळी पाहून दीर नुसते बघत राहिले. जाऊबाई एवढंच म्हणाली, “ही माझ्यात जायची.”

शेवटचा वाद झाला तो बाळंतपणाच्या वेळी, आणि तो साधा नव्हता. आत्याबाईंचा हट्ट शेक-शेगडीचा. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दारं-खिडक्या बंद, बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी. त्यांची चारही बाळंतपणं अशीच झालेली. पण बंद खोलीत धुमसणारे निखारे म्हणजे कर्बएकवायू. धूर दिसत नाही, म्हणून धोका नाही असं वाटतं. आणि झोपेतली माणसं उठतच नाहीत, अशा बातम्या दर थंडीत येतात. आत्याबाईंशी वाद घालायचा माझा काही धीर झाला नाही. मी त्यांचं औषधाचं यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, “आत्याबाई, शेक द्यायचाच. पण ऊब हवी की धूर हवा, ते तुम्ही सांगा.” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “रबरी पिशवीत ऊन पाणी भरा. आन् खिडकी जराशी उघडी ठेवा.” बाळंतिणीला तेलानं मालीश, उनउनीत पाण्यानं आंघोळ, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, कानाला बांधायला सुती ओढणी. शेगडी नाही, धुरी नाही. मुलगी झाली, सव्वातीन किलोची.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, सुटला यांचा प्रश्न. तसं नाही. आत्याबाईंचा दम पूर्वीसारखा झालेला नाही, होणारही नाही. रात्री खोकला कमी झाला आणि मागल्या वर्षी एकदाही रुग्णालयात न्यावं लागलं नाही, एवढंच. आषाढात जळण सर्द झालं, की बंब धुमसतोच. शिवाय धुराड्यातून बाहेर गेलेला धूर काही नाहीसा होत नाही; तो शेजारच्या ओसरीवर जातो, गावावर तरंगतो. देशातल्या हवेत जे बारीक कण असतात, त्यांतला सुमारे चौथा हिस्सा घरोघरच्या अशा चुलींचा, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात म्हटलं आहे. तेव्हा कोरडं लाकूड आणि धुराडं ही मधली वाट. जमेल तिथे, जमेल तेव्हा विस्तव कमी करत जाणं हेच खरं.

तुमचं स्वतःचं घर गॅसचं असेल. पण माहेरी, आजोळी, गावी कुणाची तरी चूल पेटत असेलच. या सुट्टीत गेलात, तर तिथल्या बाईला उपदेश करू नका. आठ दिवस तिच्याबरोबर जळण तोला. कुठला विस्तव आधी बंद करता येईल, ते वहीच सांगेल. मग ती वही घरातल्या पैशाचा व्यवहार ज्याच्या हातात आहे, त्याच्यापुढे ठेवा. आणि धुराडं बसवलंत, तर शिडी कोण धरणार आणि वर कोण चढणार, हे त्याच दिवशी ठरवून टाका.